फ्रँक चान्स की हॅल चेस? १९१३च्या काचेवरचा खेळाडू-मॅनेजर कसा ओळखायचा

स्कोअरशीट
वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला बेन संग्रह (न्यूयॉर्कच्या एका जुन्या वृत्तछायाचित्र संस्थेच्या काचा) चाळताना बेसबॉलच्या चित्रांत एका नावापाशी लोक हमखास अडखळतात. काचेच्या निगेटिव्हच्या कडेला नुसतं आडनाव खरवडलेलं असतं, तेही घाईच्या अक्षरात. चान्स आणि चेस ही आडनावं रोमन लिपीत जवळजवळ सारखी दिसतात. त्यात दोघेही पहिल्या बेसवर (धावणाऱ्यानं गाठायच्या चार टप्प्यांपैकी पहिल्यावर) खेळणारे, दोघेही कॅलिफोर्नियाचे, दोघांची उंची सहा फूट. दोघांनीही न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीग संघाचं मॅनेजरपद खेळता खेळता सांभाळलं : हॅल चेसनं १९१०च्या मोसमाअखेरीपासून १९११ संपेपर्यंत, फ्रँक चान्सनं १९१३ आणि १९१४ मध्ये. १९१३च्या सुरुवातीला तर चान्स मॅनेजर आणि चेस त्याच्या हाताखालचा खेळाडू, म्हणजे दोघांच्या अंगावर एकच गणवेश. जूनमध्ये चान्सनं चेसला शिकागो व्हाइट सॉक्सकडे धाडून बदल्यात बेब बोर्टन आणि रॉली झायडर यांना घेतलं, तोवर हा पेच कायम आहे.

निवाडा करायचा तर आधी हात बघा. चेस डाव्या हातानं फेकायचा, त्यामुळे त्याचा मिट (चेंडू झेलायचा जाड हातमोजा) उजव्या हातात असतो. चान्स उजव्या हातानं फेकायचा, मिट डाव्या हातात. चित्रात मिट किंवा फेकीचा पवित्रा असेल तर प्रश्न तिथेच सुटतो. बॅट हातात असेल तर मात्र या खुणेचा उपयोग नाही, कारण बॅटिंग दोघेही उजवीच करायचे. डावरा फेकणारा आणि उजवा बॅटिंग करणारा खेळाडू बेसबॉलमध्ये दुर्मीळ, म्हणून 'बॅट उजवी तर माणूस उजवा' असं धरून चालणारे चेसच्या बाबतीत फसतात.

पण हात बघण्याआधी चित्र उलटं छापलेलं नाही ना, याची खात्री करा. काच दोन्ही बाजूंनी पारदर्शक असते. उलट बाजूनं छापली की उजवा माणूस डावरा होतो. छातीवरची अक्षरं सुलट वाचता येतात का, ते बघा. अक्षरं नसतील तर शर्टाची पट्टी बघा : पुरुषांच्या शर्टात त्याची स्वतःची डावी बाजू उजवीवर येते. कडेची खरवडलेली ओळ हा तिसरा पुरावा. ती इमल्शनवर (काचेवरच्या प्रकाशसंवेदी थरावर) उलट्या अक्षरांत लिहीत, म्हणजे छापल्यावर सुलट येई. ओळ उलटी दिसत असेल तर चित्रच उलटं आहे.

मग अंगकाठी. चान्स रुंद छातीचा, जाड मानेचा. 'हस्क' हे त्याचं टोपणनाव त्या थोराड बांध्यावरूनच पडलेलं. चेस सडपातळ. १९१३ मध्ये चान्स छत्तिशीचा होता आणि चेस तिशीचा. चान्सच्या चेहऱ्यावर तोवर बरंच काही उमटलेलं होतं, त्याकडे पुढे येऊ.

गणवेशावरून वर्ष काढता येतं. एन आणि वाय एकमेकांत गुंफलेलं चिन्ह न्यूयॉर्कच्या या संघानं १९०९ पासून वापरलं. उभ्या बारीक रेघांचा घरचा गणवेश पहिल्यांदा १९१२ मध्ये आला, १९१३ आणि १९१४ मध्ये रेघा नव्हत्या, १९१५ मध्ये त्या परतल्या. चान्स न्यूयॉर्कला होता तो नेमका बिनरेघांचा काळ. मागचं मैदानही मदत करतं. १९१२ पर्यंत संघ हिलटॉप पार्कमध्ये, लाकडी स्टँडसमोर खेळायचा. १९१३ पासून पोलो ग्राउंड्समध्ये भाडेकरू म्हणून. तिथले स्टँड १९११च्या आगीनंतर पोलाद-काँक्रीटमध्ये बांधलेले, वरच्या मजल्याच्या कठड्यावर नक्षीचे पट्टे. ते दिसले की साल १९११च्या अलीकडचं.

शिकागोच्या काळातला चान्स ओळखायला सोपा. तिथल्या त्याच्या कब्ज या संघाच्या १९०८च्या शर्टावर डाव्या छातीला इंग्रजी सी आणि त्यात बॅट धरलेलं अस्वलाचं पिल्लू आहे. १९०९ मध्ये पिल्लू गेलं आणि सीच्या पोटात उरलेली तीन अक्षरं आली. त्या वर्षीच्या बाहेरगावच्या गणवेशावर शहराचं नाव बटणांच्या पट्टीवरून उभं खाली उतरतं.

अंधारखोली
उत्तम धागा. यात प्लेटच्या रसायनाची बाजू जोडतो, कारण रंगावरून निष्कर्ष काढणारे तिथेच चुकतात.

त्या काळच्या वृत्तछायाचित्रकारांच्या काचा निळ्या रंगाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. ऑर्थोक्रोमॅटिक काचेला थोडं हिरवं-पिवळं दिसायचं, तांबडं नाहीच. तांबड्यासकट सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून विकत मिळत होत्या, पण वृत्तसंस्थांच्या रोजच्या कामात त्या रुळल्या नव्हत्या. याचा परिणाम : तांबडे मोजे काळे दिसतात, फिकट निळा पांढऱ्यात विरतो, आकाश कोरं येतं आणि ढग गायब होतात. बॉस्टनचे तांबडे मोजे आणि दुसऱ्या कुठल्या संघाचे गर्द निळे मोजे यांतला फरक अशा छायाचित्रात नुसत्या छटेवरून सांगता येत नाही. काळा दिसला म्हणून काळा, असं म्हणू नका.

चेहऱ्यांचंही तसंच. उन्हानं लालबुंद झालेली कातडी करपल्यासारखी काळी येते, वांग आणि डाग ठळक होतात, आणि निळे डोळे इतके फिकट येतात की बुबुळ जवळपास पांढरं दिसतं. रापलेल्या खेळाडूचं वय म्हणूनच पाच-दहा वर्षांनी जास्त वाटतं. चान्सचं वय चेहऱ्यावरून ठरवताना हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट शटरची. मैदानावर ग्राफ्लेक्स कॅमेरा चालायचा. वृत्तपत्रांसाठीचं ५ बाय ७ इंचांचं मॉडेल १९०७ मध्ये आलं. त्यात काचेच्या अगदी पुढून कापडी पडदा खाली सरकतो आणि पडद्यातल्या फटीतून प्रकाश जातो. फटीची रुंदी आणि स्प्रिंगचा ताण निवडून वेग ठरवायचा. सर्वांत अरुंद फट एक अष्टमांश इंचाची, तिच्यासोबत पूर्ण ताण दिला की प्रत्येक बिंदूला साधारण एक हजारांश सेकंद प्रकाश मिळतो. पण फटीला सगळी काच ओलांडायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. भिंगामुळे प्रतिमा काचेवर उलटी पडते, म्हणून खाली सरकणारी फट आधी पाय टिपते आणि शेवटी डोकं. धावणारा माणूस पुढे झुकलेला दिसतो, फिरणारी बॅट वाकलेली दिसते, चेंडू लांबट होतो. ही हालचाल खरी तशी नव्हती. खेळाडूच्या पवित्र्यावरून कोण ते ओळखणाऱ्यांनी हा झुकाव वजा करूनच बघावं.

शिवाय ५ बाय ७ इंचांची दीड मिलिमीटर जाडीची एक काच ८० ते ९० ग्रॅम भरते. डझनभर काचांचा किलोभर भार, वर लाकडी होल्डर आणि कॅमेरा. म्हणून छायाचित्रकार सामन्याआधीच, खेळाडू सराव करत असताना, उभं करून चित्रं काढून घेत. चान्सच्या बऱ्याच चित्रांत तो थेट भिंगाकडे बघतोय त्याचं कारण हे.

पॅव्हेलियन_एन्ड
माहिती आवडली. एक शंका : खेळाडू-मॅनेजर म्हणजे आपल्या क्रिकेटमधल्या कर्णधारासारखाच ना? मग वेगळं नाव कशाला?

फर्स्टबेस
कर्णधाराहून बरंच जास्त. मैदानावरचे निर्णय, फलंदाजीचा क्रम, कोणता पिचर (चेंडू टाकणारा) कधी काढायचा, हे तर होतंच. त्याशिवाय कोणाला संघात घ्यायचं, कोणाची अदलाबदल करायची, कोणाला दंड ठोकायचा, यातही त्याचा शब्द चाले. चेसची बदली हे त्याचंच उदाहरण. क्रिकेटचा कर्णधार, प्रशिक्षक आणि निवड समितीचा अर्धा अधिकार एकाच माणसाकडे, आणि तो स्वतः रोज पहिल्या बेसवर उभा.

मालकांना ही व्यवस्था सोयीची होती, कारण दोन माणसांचं काम एकाच पगारात होई. पगारी प्रशिक्षक तेव्हा जवळपास नसतच. न्यूयॉर्क जायंट्सचा मॅनेजर जॉन मॅग्रॉनं १९०९ मध्ये आर्ली लॅथमला याच कामासाठी ठेवलं ते नवीन मानलं गेलं. आपला संघ बॅटिंग करत असताना तिसऱ्या बेसजवळच्या चौकोनात उभं राहून धावणाऱ्यांना इशारे देणारा माणूस हा बहुधा मॅनेजरच. छायाचित्रात गणवेशातला कोणी त्या चौकोनात, हातात ना बॅट ना मिट, तोंडाशी हात धरून ओरडताना दिसला तर मॅनेजर असण्याची शक्यता आधी तपासा. डेट्रॉइटचा ह्यूई जेनिंग्ज तिथे एक पाय उचलून दोन्ही मुठी वर करायचा, तो लांबूनही ओळखू येतो. फिलाडेल्फियाचा मॅनेजर कॉनी मॅक मात्र कडक कॉलर आणि सूट घालून बाकावर बसायचा, त्यामुळे त्याच्याबद्दल संशयच उरत नाही.

हे दुहेरी पद तेव्हा अपवादाचं नव्हतं. १९०३च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत) बॉस्टनचा जिमी कॉलिन्स तिसऱ्या बेसवर आणि पिट्सबर्गचा फ्रेड क्लार्क लेफ्ट फील्डमध्ये, दोघेही मॅनेजर. क्लार्क तर २४व्या वर्षीच लुइव्हिलचा मॅनेजर झाला होता. १९०६च्या सिरीजमध्ये एकीकडे चान्स, दुसरीकडे व्हाइट सॉक्सचा सेंटर फील्डर, फील्डर जोन्स ('फील्डर' हे त्याचं नावच). क्लीव्हलंडच्या संघाला नॅप लाजवे या खेळाडूवरून 'नॅप्स' म्हणू लागले, आणि १९०५ पासून तो त्यांचा खेळाडू-मॅनेजर झाला. ही परंपरा पीट रोझनं १९८६ मध्ये खेळणं थांबवलं तेव्हा संपली.

आता चान्स. तो १८९८ मध्ये शिकागोला कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून आला. फ्रँक सेली या मॅनेजरनं त्याला पहिल्या बेसवर आणलं, आणि १९०३ मध्ये त्यानं ६७ बेस चोरले (म्हणजे फटका नसताना पळून पुढचा बेस गाठला). पहिल्या बेसवरच्या धिप्पाड माणसाकडून एवढ्या धावाधावीची तेव्हाही कोणी अपेक्षा करत नसे. १९०५ मध्ये सेली क्षयानं आजारी पडला आणि मोसमाच्या मध्यावर सूत्रं चान्सकडे आली. १९०६ मध्ये ११६ विजय, ३६ पराभव, आणि तरीही वर्ल्ड सिरीज त्याच शहरातल्या व्हाइट सॉक्सनं जिंकली. १९०७ मध्ये १०७ विजय, १९०८ मध्ये ९९, आणि दोन्ही वर्षी डेट्रॉइटला हरवून अजिंक्यपद. १९०९ मध्ये १०४ सामने जिंकूनही लीग पिट्सबर्गकडे गेली, कारण त्यांनी ११० जिंकले. १९१० मध्ये पुन्हा १०४ आणि लीगचं अजिंक्यपद. पाच मोसमांत ५३० विजय. १९०८च्या सिरीजमध्ये त्यानं स्वतः ०.४२१च्या सरासरीनं (हजार प्रयत्नांत ४२१ यशस्वी, अशा प्रमाणात) फटके मारले आणि पाच बेस चोरले. १९०८ नंतर कब्जना वर्ल्ड सिरीज जिंकायला २०१६ उजाडलं.

पॅव्हेलियन_एन्ड
मग इतकं चांगलं चाललेलं असताना मालकांनी आणि संघांनी ही पद्धत सोडली का?

फर्स्टबेस
चान्सच्या सामन्यांचे आकडे बघा, उत्तर त्यातच आहे. १९०६ मध्ये तो १३६ सामने खेळला. १९०७ मध्ये १११, १९०८ मध्ये १२९, मग ९३, ८८, ३१, आणि १९१२ मध्ये फक्त २. न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली १२ आणि १९१४ साली १. खेळाडू संपत आला आणि मॅनेजर उरला, ही उतरण या आकड्यांत स्वच्छ दिसते.

चान्स होम प्लेटला (बॅटर उभा राहतो तिथल्या पाटीला) चिकटून उभा राहायचा आणि चेंडू अंगावर आला तरी मागे सरायचा नाही. कारकिर्दीत १३७ वेळा चेंडू त्याच्या अंगाला लागला. ३० मे १९०४ला एकाच दिवशीच्या दोन सामन्यांत मिळून पाच वेळा. हेल्मेट नव्हतं, कापडी टोपी होती. डोक्यावर बसलेल्या या माऱ्यानं त्याची ऐकण्याची शक्ती कमी झाली, डोकेदुखी कायमची मागे लागली आणि १९१२ मध्ये डोक्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच मोसमाअखेर शिकागोशी त्याचा संबंध तुटला. मॅनेजर जखमी झाला की संघाचा पहिला बेस आणि संघाचं डोकं दोन्ही एकदमच जायचं.

हद्दपारीचाही तोच धोका. १९१०च्या वर्ल्ड सिरीजमधल्या तिसऱ्या सामन्यात पंच टॉम कॉनलीनं वादावादीबद्दल चान्सला बाहेर काढलं. वर्ल्ड सिरीजच्या सामन्यातून बाहेर काढला गेलेला तो पहिला खेळाडू. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. सूट घातलेल्या मॅनेजरला पंचानं हाकललं तर मैदानावरचे नऊ जण तसेच राहतात. चान्स गेला तेव्हा पहिल्या बेसवर दुसरा माणूस उभा करावा लागला.

म्हणून १९१३च्या छायाचित्रातला चान्स मला फार महत्त्वाचा वाटतो. अंगावर खेळाडूचा गणवेश आहे, पण खेळणं जवळपास संपलंय. त्या वर्षी संघ ५७ सामने जिंकला, ९४ हरला आणि सातव्या स्थानावर राहिला. सप्टेंबर १९१४ मध्ये त्यानं पद सोडलं आणि उरलेल्या सामन्यांसाठी मॅनेजर झाला तो २३ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) रॉजर पेकिनपॉ, म्हणजे पुन्हा खेळाडूच. चान्स १९२४ मध्ये वारला. हॉल ऑफ फेममध्ये १९४६ साली कब्जमधले त्याचे सहकारी टिंकर, एव्हर्स आणि तो एकत्रच घेतले गेले.

मोडीवाचक
वाचनखूण साठवली. दोन प्रश्न : लायब्ररीच्या पानावर दिलेलं शीर्षक आणि तारीख कितपत धरायची? आणि चांगल्या प्रतीची फाइल उतरवून घ्यायची ती कशी?

स्कोअरशीट
शीर्षक पुरावा म्हणून धरू नका, ती सुरुवात आहे. लायब्ररी स्वतःच नोंदीत लिहिते की शीर्षक बेन न्यूज सर्व्हिसच्या काचांवरच्या किंवा मथळ्याच्या कार्डांवरच्या, न पडताळलेल्या माहितीवरून घेतलंय. जॉर्ज ग्रँथम बेनची ही संस्था १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. लायब्ररीनं संग्रह १९४८ मध्ये घेतला, त्यात सुमारे ४० हजार काचा आहेत. शीर्षक चौकटी कंसात असेल तर ते सूचिकारानं दिलेलं, कंसाबाहेरचे शब्द काचेवरून उतरवलेले. काचेवर तारीख खरवडलेली असली तरी ती काढल्याच्या दिवसाचीच असेल असं नाही. नोंद केल्याची किंवा वितरणाचीही असू शकते.

उतरवताना पानावर दिसणारं चित्र 'सेव्ह' करू नका. खालच्या यादीतली सर्वांत मोठी टिफ फाइल घ्या आणि तिचा नोंद क्रमांक फाइलच्या नावातच ठेवा, नाहीतर महिन्याभरानं कोणती काच ते सापडत नाही. १०० टक्के आकारात आधी चारही कडा बघा. खरवडलेली ओळ, काचेच्या होल्डरची सावली, तुटलेला कोपरा, सगळं तिथे असतं, आणि लोक नेमकी हीच कड कापून चित्र पुढे पाठवतात. मग हात, शर्टाची पट्टी, छाती, टोपी, पार्श्वभूमी या क्रमानं. ज्या मुद्द्यावर उत्तर ठरलं तो लिहून ठेवा.

वापराबद्दल : बेन संग्रहावर प्रकाशनाचे ज्ञात निर्बंध नाहीत असं लायब्ररी सांगते. श्रेय आणि नोंद क्रमांक मात्र द्यावा. जानेवारी २००८ मध्ये लायब्ररीनं फ्लिकरच्या 'द कॉमन्स' उपक्रमात बेनची छायाचित्रं टाकली, तिथे बेसबॉलच्या जाणकारांनी कित्येक ओळखी दुरुस्त करून दिल्या आणि त्या मूळ नोंदींत गेल्या. तुमचा निष्कर्ष पक्का असेल तर नक्की कळवा.

शिकागोच्या काळासाठी बेनपेक्षा शिकागो डेली न्यूजच्या काचा बघाव्यात. १९०२ ते १९३३ मधल्या ५५ हजारांहून जास्त प्रतिमा शिकागो हिस्टरी म्युझियमकडे आहेत. वेस्ट साइडचं मैदान, त्यामागच्या घरांच्या छपरांवर उभारलेले स्टँड, हे त्यांत दिसतं. आज त्या जागी युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयचं रुग्णालय आणि वैद्यकीय परिसर आहे. शिकागोतल्या मंडळींना पोक आणि टेलर रस्त्यांच्या मधला तो भाग जाऊन बघता येईल.

टोपी_तपासनीस
क्रमाबद्दल थोडं वेगळं मत. टोपी मी कॉलरच्या नंतर ठेवीन. टोप्या हरवतात, बदलतात. सरावात कोणाचीही टोपी कोणाच्याही डोक्यावर असते. कॉलर शिवलेली असते. १९००च्या सुरुवातीच्या शर्टांना घडीची, शर्टासारखी कॉलर. १९०६ मध्ये मॅग्रॉच्या जायंट्सनी कॉलर काढून टाकली आणि छातीवर 'वर्ल्ड्स चॅम्पियन्स' छापलं. त्यानंतरच्या काही वर्षांत बऱ्याच संघांत उभी आखूड कॉलर दिसते. वर्षाचा अंदाज बांधायला एवढं पुरतं, नेमका मोसम सांगायला नाही.

आणि एक सावधगिरी : वसंतातल्या सराव शिबिरात संघ आदल्या वर्षीचे गणवेश वापरत. न्यूयॉर्कनं १९१३चं शिबिर बर्म्युडात घेतलं होतं. शिबिरातल्या चित्रात १९१२च्या रेघा दिसल्या म्हणून साल १९१२ ठरत नाही. चान्स आणि रेघा एकत्र दिसल्या तर आधी पार्श्वभूमी तपासा : स्टँड नाहीत, पामची झाडं आहेत, तर शिबिर.

कब्जच्या समूहचित्रात एका माणसापासून सुरुवात करणं सोयीचं : मॉर्डेकाय ब्राउन. लहानपणी शेतातल्या चारा कापण्याच्या यंत्रात त्याची उजवी तर्जनी गेली होती. उजवा हात गुडघ्यावर ठेवलेला असेल तर तो लगेच सापडतो, आणि त्यावरून चित्र उलटं छापलंय का तेही कळतं. मॅनेजर मधोमध बसतो हा नियम मात्र मानू नका.

मोडीवाचक
धन्यवाद. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंच्या काचांनाही हीच पद्धत लागू होईल का? कोकणात आणि मुंबईत अशा पेट्या अजून सापडतात.

अंधारखोली
काच तीच, इमल्शनमधलं जिलेटिन तेच. फरक हवेचा, आणि तो मोठा आहे. जिलेटिन पाणी शोषून फुगतं, वाळलं की आकसतं. पावसाळा-उन्हाळा असं दरवर्षी झालं की कडांपासून पापुद्रे सुटतात. दमट हवेत त्यावर बुरशीही येते, कारण जिलेटिन हे तिचं खाद्य. सापेक्ष आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. घरात ते जमत नसेल तर निदान चढउतार कमी करा : बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, माळा नको, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराशेजारची खोली नको. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, आत अडकलेला ओलावा काच सडवतो.

हाताळणी अशी. नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोज्यांतून काच निसटते. काच नेहमी दोन विरुद्ध कडांनी धरा. प्रकाशात तिरकी केलीत की एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद दिसेल. मंद ती इमल्शनची. चकचकीत बाजू डिस्टिल्ड पाण्यात ओलसर केलेल्या कापसानं, पिळून, कडांपासून थोडं आत राहून पुसा. इमल्शनला पाणी, स्पिरिट, बोट, काहीही लावायचं नाही. फक्त रबरी फुग्यानं धूळ उडवा, आणि पापुद्रे सुटत असतील तर तेही नको. फुटलेल्या काचेला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद इमल्शनमध्ये उतरतो. तुकडे दोन स्वच्छ काचांमध्ये ठेवून आडवे ठेवा. अखंड काचा मात्र लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, प्रत्येक चार पाकळ्यांच्या आम्लमुक्त कागदी पाकिटात. आडवी थप्पी लावली की खालच्या तडकतात.

डिजिटल प्रत काढायला साधा स्कॅनर चालत नाही, वरून प्रकाश देणारा लागतो. त्यातही स्वस्त मॉडेलमध्ये प्रकाशाची पट्टी अरुंद असते, ५ बाय ७ इंच काच मावत नाही. एप्सन व्ही८५० सारख्यात ८ बाय १० इंचांपर्यंत मावते. दोन गुळगुळीत काचा एकमेकींवर टेकल्या की इंद्रधनुषी वलयं उमटतात. कडांखाली पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या देऊन फट ठेवा. १२०० पीपीआयला ५ बाय ७ ची प्रतिमा ६००० बाय ८४०० पिक्सेल होते. खरवडलेली ओळ वाचायला आणि शर्टाची शिवण बघायला तेवढी पुरते.

कॅमेऱ्यानं काढायची असेल तर : ९५ किंवा जास्त सीआरआयचं (रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) लाइट-पॅड, काच त्यापासून काही सेंटिमीटर वर, म्हणजे पॅडवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. काचेभोवतीचा उघडा प्रकाश काळ्या कागदानं झाका, नाहीतर सावल्या धुरकट येतात. मॅक्रो लेन्स, एफ ८, सर्वांत कमी आयएसओ, खोली अंधारी. इमल्शनची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा आणि फाइल नंतर आडवी उलटवा. रॉ मध्येच (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या. या काचांमधली घनता इतकी असते की जेपेगमध्ये पांढऱ्या गणवेशाच्या चुण्या जातात. आधी काच जशी आहे तशी निगेटिव्ह फाइल साठवा, पॉझिटिव्ह तिच्या प्रतीवर करा.

बाजारभाव
विकत घेणाऱ्यांसाठी थोडं. लिलावात 'टाइप १' म्हणजे मूळ निगेटिव्हवरून, चित्र काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत केलेला प्रिंट. त्याच निगेटिव्हवरून नंतर केलेला 'टाइप २'. नक्कल निगेटिव्हवरून किंवा तारेनं आलेल्या चित्रावरून त्याच काळात केलेला 'टाइप ३', आणि नक्कलेवरूनच नंतर केलेला 'टाइप ४'. किमतीत फार अंतर पडतं, म्हणून फसवणूकही इथेच.

दहापट भिंगाखाली ठिपके दिसले तर ते छापील पान आहे, फोटो नाही. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर कागदात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते १९५० च्या दशकापासून आलं. १९१३चा प्रिंट असा चमकू शकत नाही. न चमकणं हा मात्र जुनेपणाचा पुरावा नाही, तसे कागद आजही मिळतात. गडद भागात कडेला, तिरक्या उजेडात, चांदीची निळसर झिलई दिसली तर जमेची बाजू. मागचा शिक्का, मथळ्याची चिठ्ठी, संपादकाच्या पेन्सिलीच्या खुणा यांचे फोटो विक्रेत्याकडून आधी मागवा.

सिगारेटच्या पाकिटातल्या, खेळाडूंची चित्रं असलेल्या पत्त्यांवर विसंबणाऱ्यांना एक सांगणं. १९०९ ते १९११ मधल्या टी२०६ संचात फ्रँक चान्सचे तीन पत्ते आहेत : एक बॅट घेतलेला, दोन चेहऱ्याचे, लाल आणि पिवळ्या पार्श्वभूमीवर. हॅल चेसचे पाच आहेत. मूळ छायाचित्रांवर रंग चढवून ते छापलेत, त्यामुळे चेहऱ्याची ठेवण मिळते पण रंग मिळत नाहीत. चान्सच्या तिन्ही पत्त्यांत मिट नाही. हाताची खूण तिथे लागू पडणार नाही, चेहराच बघावा लागेल : चान्सचा जबडा चौकोनी आणि मान खांद्यांत रुतलेली.

फर्स्टबेस
त्यात भर : पत्त्यावरचा चेहरा १९११ किंवा आधीचा, शस्त्रक्रियेपूर्वीचा. १९१३च्या काचेशी ताडून बघताना चेहऱ्याच्या रेषांपेक्षा कानाची ठेवण आणि हनुवटी बघा, त्या बदलत नाहीत. आणि दोन्ही चित्रांत डोकं एकाच बाजूला वळलेलं आहे ना, हे आधी.